बेगम बाजारातला बेदाणा आणि फवारणीचा अंश

चार किलो द्राक्षे सुकली की साधारण एक किलो बेदाणा होतो. वेलीवर असताना त्या द्राक्षांवर जी औषधे मारली गेली, त्यांपैकी काही उन्हावाऱ्यात उडून जातात, काही सुकवण्यापूर्वीच्या द्रावणात धुतली जातात आणि काही सालीला व गराला धरून राहतात. जी राहतात ती चार किलोंची एका किलोत येतात. मुलाच्या मुठीत बेदाणे देताना हा हिशेब घरात कोणी मांडत नाही. हैदराबादच्या बेगम बाजारात त्याची पेटी उघडणाराही तो मांडत नाही, कारण पेटीवर तसे काही लिहिलेलेच नसते.

मुशीच्या उत्तर काठावर, उस्मानिया रुग्णालय आणि अफझलगंज यांच्या पाठीशी पसरलेला हा बाजार दुसरा आसफजाह निजाम अली खान याच्या काळचा. त्याची बेगम हुमदा हिने ही जागा व्यापाऱ्यांना दिली आणि तिच्यावरूनच नाव पडले, असे सांगतात. भांडी, मसाले, किराणा, पूजासाहित्य आणि सुकामेवा यांचा ठोक व्यवहार इथे चालतो. गौळीगुडा, जांबाग, इसामिया बाजार, काचीगुडा या भागांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी कुटुंबे दिवाळीच्या, लग्नाच्या आणि बाळंतिणीच्या सामानासाठी इथेच येतात. इथे बदाम, अंजीर, खजूर आणि खुबानी देशोदेशींहून येतात, पण बेदाण्याचा मोठा वाटा सांगली, तासगाव, सोलापूर आणि विजापूर भागातून सोलापूरच्या रस्त्याने ट्रकमधून उतरतो. तासगावात जो बेदाणा, तो इथे किशमिश होतो. माल तोच, फवारणीही तीच.

त्या फवारणीची गोष्ट बागेत सुरू होते. महाराष्ट्रातल्या द्राक्षवेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलची खरड छाटणी काडी तयार करण्यासाठी आणि ऑक्टोबरची फळ छाटणी घडांसाठी. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लांबला किंवा ढग रेंगाळले की डाऊनी येतो, थंडीत भुरी येते, फुलोऱ्यात फुलकिडे, घडात पिठ्या ढेकूण. ट्रॅक्टरच्या ब्लोअरने औषध मारण्याचे फेरे हवामानावर ठरतात, आणि खराब वर्षी ते इतके होतात की बागायतदार स्वतःच मोजणे सोडून देतो. सल्ला देणारा कृषी सेवा केंद्राचा दुकानदार बहुधा औषध विकणाराही असतो. प्रत्येक औषधाला शेवटची फवारणी आणि काढणी यांच्यात सोडायचा एक कालावधी ठरलेला असतो. बाजारभाव चढला किंवा गारपिटीची बातमी आली की आधी गळतो तो नेमका हाच कालावधी.

बेदाण्यासाठी तोडलेले घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइल, म्हणजे इथिल ओलिएट, यांच्या द्रावणात काही मिनिटे बुडवतात. सालीवरचा मेणाचा थर त्याने विरतो आणि पाणी लवकर बाहेर पडते. मग शेडमधल्या एकावर एक बांधलेल्या जाळ्यांवर घड पसरतात. पंधरवड्याच्या आत बेदाणा तयार होतो. त्याला पिवळा किंवा हिरवट रंग यावा आणि टिकावा म्हणून गंधकाची धुरी देतात. जाळ्या हलवून मणी खाली पाडतात, देठ काढतात, चाळण्यांवर आकाराप्रमाणे वेगळे करतात आणि पेट्या भरून शीतगृहात पाठवतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये बनलेला माल दिवाळीपर्यंत आणि पुढेही शीतगृहातून निघत राहतो, आणि थंडीत व अंधारात ठेवल्याने त्यातल्या अंशांची मोडतोडही मंदावते.

आता बेगम बाजारातल्या खरेदीकडे पाहावे. पेटी फोडली की जाणता माणूस वरच्या थराकडे बघत नाही. तो मनगटापर्यंत हात आत घालतो आणि तळातली मूठ वर काढतो. मूठ दाबून सोडली की मणी सुटे व्हायला हवेत. गोळा राहिला तर माल ओला आहे किंवा साखर सुटली आहे. एक मणी बोटांनी ताणून बघतो, नखाने देठाची टोके चाचपतो, तळहात नाकाशी नेतो. गंधक जास्त झाले असेल तर नाकाच्या शेंड्यात झोंबते. मग तळहात उजेडात धरून रंग बघतो, आणि भाव रंगावर ठरतो. लांब, एकसारखा, हिरवट-पिवळा दाणा वर जातो आणि तांबूस, सुरकुतलेला दाणा खाली येतो. एका पेटीला एवढा वेळ देणारा हा पारखी डोळा खरोखर तयार असतो, त्याची चेष्टा करण्याचे कारण नाही. पण कीटकनाशकाच्या अंशाला रंग नाही, वास नाही, चव नाही. पिढीजात कौशल्याने जे काही कळते त्यात नेमकी हीच गोष्ट बसत नाही. उलट, ज्या रंगाला बाजार जास्त पैसे देतो तो रंग गंधकाच्या जास्त धुरीने येतो. म्हणजे बाजाराची पसंती मालाला आणखी एका रसायनाकडे ढकलते.

त्याच जिल्ह्यांतल्या निर्यातीच्या द्राक्षाची वाट अगदी वेगळी आहे. 2010 साली युरोपात पोचलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड सापडले. वेलीची शाकीय वाढ रोखण्यासाठी वापरले जाणारे हे संजीवक बागायतदारांना लिहोसिन या नावाने माहीत होते आणि ते मारले जाई खरड छाटणीनंतर, म्हणजे फळ येण्याच्या कितीतरी महिने आधी. तरी ते काडीत साठून घडात उतरले. युरोपची मर्यादा किलोमागे 0.05 मिलिग्रॅम होती. कंटेनर अडकले, मागे फिरले, बागायतदारांचे मोठे नुकसान झाले. त्याआधीपासूनच निर्यातीसाठी अंश-तपासणीची व्यवस्था होती. पुण्याजवळच्या मांजरीतले राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र तिची मध्यवर्ती प्रयोगशाळा होते आणि अपेडा या कृषी-निर्यात संस्थेची ग्रेपनेट ही नोंदणी प्रणाली 2006 पासून चालू होती. 2010 नंतर तपासायच्या रसायनांची यादी वाढली आणि नियम कडक झाले. आज निर्यातीच्या बागेला नोंदणी क्रमांक असतो, फवारणीची वही असते, काढणीपूर्वी नमुना जातो आणि अहवाल आल्याशिवाय माल हलत नाही.

निर्यातीच्या निकषात न बसलेले किंवा भाव न मिळालेले घड अनेकदा बेदाण्याच्या शेडकडे वळतात. फक्त बेदाण्यासाठीच राखलेल्या बागाही पुष्कळ आहेत. दोन्हींचा माल सौद्यात येतो तो वजन, प्रत आणि भाव एवढ्या तीन नोंदींसह. बागेचा क्रमांक, फवारणीची वही, तपासणी अहवाल यांपैकी काहीही पेटीबरोबर हैदराबादला येत नाही. रॉटरडॅमच्या बंदरात उतरून तिथल्या मुलाच्या डब्यात जाणारे द्राक्ष तपासून जाते आणि गौळीगुड्यातल्या मुलाच्या डब्यातला बेदाणा रंग बघून येतो. या साऱ्या विषयातली सर्वांत लाजिरवाणी गोष्ट हीच आहे, आणि ती तंत्रज्ञान नसल्यामुळे घडत नाही. तपासणारे हात, यंत्रे आणि पद्धती याच राज्यांत आहेत.

तपासणी म्हणजे काय, तेही जरा जवळून बघण्यासारखे आहे. बेदाणा प्रयोगशाळेतला चिवट नमुना. कोरडा दळला तर यंत्राच्या पात्याला चिकटून त्याचा लगदा बसतो. म्हणून आधी ठरलेल्या प्रमाणात पाणी घालून तो भिजवतात आणि मग वाटून एकजीव करतात. त्यातला थोडासा लगदा नळीत घेऊन ॲसिटोनायट्राइल किंवा इथिल ॲसिटेट हा द्रावक घालतात, क्षार टाकून नळी जोरात हलवतात आणि फिरवणीयंत्रात फिरवतात. साखर, रंग आणि मेण बाजूला करणाऱ्या भुकट्यांतून वरचा द्रव काढून घेतात. उरलेले स्वच्छ थेंब क्रोमॅटोग्राफला जोडलेल्या मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये जातात. एकाच फेरीत शेकडो रसायने शोधता येतात. किलोमागे 0.01 मिलिग्रॅम, म्हणजे शंभर टन मालात एक ग्रॅम, इतके बारीक प्रमाण हे यंत्र पकडते. ज्या रसायनाला विशिष्ट मर्यादा ठरलेली नाही त्याला भारतातही हीच 0.01 ची मर्यादा लागू आहे. कागदावर भारताचा नियम युरोपच्या फार मागे नाही. नमुने किती घेतले जातात, तिथे तो मागे पडतो. अन्नसुरक्षा अधिकाऱ्याला नमुना घेऊन त्याचे चार भाग करावे लागतात, प्रत्येक भागाला चिठ्ठी, लाख आणि सही लागते, आणि फूड ॲनालिस्टने चौदा दिवसांत अहवाल द्यायचा असतो. नाचारमच्या राज्य अन्न प्रयोगशाळेकडे दूध, तेल, मिरची पूड, हॉटेलांचे पदार्थ असे सगळेच येते. त्या रांगेत सुक्या मेव्यातल्या कीटकनाशकाची पाळी कितीदा येईल, हे ओळखायला कोणी आतला माणूस लागत नाही.

हे सगळे मोठ्यांपेक्षा मुलांना का जास्त लागू पडते, याचे पहिले उत्तर साध्या भागाकारात आहे. समजा, एखाद्या औषधाचा अंश ताज्या द्राक्षात किलोमागे 0.1 मिलिग्रॅम होता आणि सुकताना तो गळाला नाही. मग बेदाण्यात तो 0.4 झाला. 25 ग्रॅम बेदाण्यातून 10 मायक्रोग्रॅम पोटात गेले. साठ किलोच्या माणसाला शरीराच्या किलोमागे ते 0.17 पडतात आणि बारा किलोच्या मुलाला 0.83. क्लोरपायरीफॉस या भारतात दीर्घकाळ वापरल्या गेलेल्या ऑर्गनोफॉस्फेटसाठी युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने 2014 मध्ये रोजची मर्यादा शरीराच्या किलोमागे 1 मायक्रोग्रॅम ठरवली होती. 2019 मध्ये याच संस्थेने या औषधाला सुरक्षित पातळी ठरवताच येत नाही असे सांगितले आणि 2020 मध्ये युरोपने ते बंद केले. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाची मर्यादा मात्र याच्या दहापट सैल आहे. मर्यादा निसर्गाने आखून दिलेल्या नसतात, पुरावा आणि सावधपणा यांच्या तोलावर माणसे त्या ठरवतात, हे यावरून दिसते. वरचे उदाहरण केवळ हिशेबाचे आहे. प्रत्यक्ष पेटीत किती अंश निघेल ते तपासल्याशिवाय सांगता येत नाही, आणि अडचण तीच आहे.

दुसरे उत्तर शरीरात आहे. ऑर्गनोफॉस्फेटे किड्याच्या मज्जासंस्थेतले ॲसिटिलकोलिनेस्टरेज हे विकर अडवतात, आणि तेच विकर माणसाच्या मज्जातंतूंतही काम करते. या रसायनांचे विषारी रूप मोडून टाकणारे पॅराऑक्सोनेज नावाचे विकर नवजात बाळात बरेच कमी असते आणि पुढच्या काही वर्षांत वाढत जाते. याच वर्षांत मेंदूची जोडणी चाललेली असते. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने 1993 मध्ये फिलिप लँड्रिगन यांच्या अध्यक्षतेखालील समितीचा अहवाल काढला. मुले म्हणजे लहान आकाराची प्रौढ माणसे नव्हेत, त्यांचे खाणे वेगळे आणि जोखीमही वेगळी, हा त्याचा गाभा होता. 1996 च्या कायद्याने तिथे मुलांसाठी दहापट जादा सुरक्षा-फरक धरण्याची तरतूद केली. कोलंबिया विद्यापीठाच्या न्यूयॉर्कमधल्या अभ्यासात गर्भावस्थेत क्लोरपायरीफॉसशी जास्त संपर्क आलेल्या मुलांच्या बुद्धिचाचणीचे गुण सातव्या वर्षी कमी दिसले. तिथला संपर्क मुख्यतः घरात मारलेल्या औषधाचा होता, फळांचा नव्हता, हे इथे विसरू नये.

फळांच्या बाजूचा नेटका पुरावा सिएटलजवळ मिळाला. तिथल्या 23 शाळकरी मुलांचे नेहमीचे अन्न पाच दिवसांसाठी सेंद्रिय अन्नाने बदलले, तेव्हा लघवीतले मॅलॅथिऑन आणि क्लोरपायरीफॉसचे अवशेष जवळजवळ नाहीसे झाले. नेहमीचे अन्न सुरू होताच ते परतले. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाने आजार दाखवला नाही, वाट दाखवली. अंश ताटातून येतो आणि ताट बदलले की काही दिवसांत घटतो.

भीती वाटून घेण्याआधी आणखी एक गोष्ट नोंदवायला हवी. फळावरच्या अंशाने मूल तत्काळ आजारी पडणे फार विरळ. कॅलिफोर्नियात 1985 च्या उन्हाळ्यात ॲल्डिकार्ब असलेली कलिंगडे खाऊन हजारावर लोकांना बाधा झाली होती, पण ते औषध कलिंगडावर वापरण्याची परवानगीच नव्हती. आपल्याकडे विषबाधा झालेले मूल रुग्णालयात येते ते बहुधा शीतपेयाच्या बाटलीत ओतून ठेवलेले औषध प्यायल्यामुळे. बिहारमध्ये मुझफ्फरपूरच्या लिचीच्या हंगामात मुले दगावत, तेव्हाही बोट आधी कीटकनाशकांकडे वळले होते. 2017 मधल्या अभ्यासाने उपाशीपोटी खाल्लेल्या लिचीतल्याच हायपोग्लायसिन या द्रव्याकडे लक्ष वेधले, तर बांगलादेशातल्या अशाच साथीचा अभ्यास करणाऱ्यांचा संशय कीटकनाशकावर राहिला. कारण शोधताना घाई चालत नाही. हैदराबादचे लक्षही बराच काळ दुसरीकडेच होते. 2015 मध्ये तिथल्या उच्च न्यायालयात कार्यकारी मुख्य न्यायमूर्ती दिलीप भोसले यांच्या खंडपीठाने कार्बाइडने आंबे पिकवणाऱ्यांना दहशतवाद्यांहून वाईट म्हटले आणि गड्डीअन्नारमच्या फळबाजारावर धाडी पडल्या. ते योग्यच झाले. कार्बाइडची पुडी डोळ्यांना दिसते, पकडता येते, छायाचित्रात येते. बेदाण्यातला अंश असा हाती लागत नाही.

गंधकाचा मुद्दा वेगळा आणि थोडक्यात सांगण्याजोगा आहे. सल्फर डायऑक्साइड दमा असलेल्या मुलांना त्रास देऊ शकतो. अशा घरात पिवळ्याधमक बेदाण्यापेक्षा तांबूस आणि नारिंगी जर्दाळूपेक्षा काळपट खुबानी बरी. हैदराबादचा खुबानी का मीठा त्या काळपट फळाचाच चांगला होतो, हे आचारी आधीपासून सांगत आले आहेत.

गोदामाचा मुद्दा मात्र बेगम बाजारात अधिक गंभीर आहे. पावसाळ्यात सुक्या मेव्यात किडे होतात. त्यांच्यासाठी ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ठेवतात. हवेतला ओलावा लागला की त्यांतून फॉस्फीन वायू निघतो. हवा नीट खेळू दिली तर मालात तो फारसा उरत नाही. पण जुन्या गल्ल्यांत खाली गोदाम आणि वर बिऱ्हाड अशी घरे आहेत, जिने अरुंद आहेत आणि लाकडी तक्तपोशीला फटी आहेत. झोपलेल्या मुलाला धोका मालातल्या अंशाचा नसतो, वर चढणाऱ्या वायूचा असतो. या गोळ्या सरकारी संस्था आणि कीड-नियंत्रक यांच्याशिवाय कोणाला विकायच्या नाहीत असा नियम आहे. वर माणसे राहत असतील तिथे त्या ठेवूच नयेत, एवढे तरी दुकानमालकाने स्वतः पाळायला हवे.

घरी काय करता येते? धुणे उपयोगी आहे, पण मर्यादेत. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात 2017 मध्ये सफरचंदांवर केलेल्या प्रयोगात खाण्याच्या सोड्याच्या सौम्य द्रावणात बारा ते पंधरा मिनिटे ठेवल्यावर पृष्ठभागावरची दोन औषधे निघाली. त्यांपैकी थायाबेंडाझोलचा पाचवा हिस्सा मात्र सालीच्या आत शिरला होता, त्याला पाणी पोचले नाही. बेदाण्याला सुरकुत्या असतात आणि आंतरप्रवाही औषध तर गरातच असते. तरी कोमट पाण्यात दोनदा चोळून धुतलेला बेदाणा न धुतलेल्यापेक्षा निश्चित बरा, कारण धूळ, गंधक आणि वरवरचा अंश त्याने कमी होतो. मराठी घरांत बाळाला पोट साफ होण्यासाठी काळ्या मनुका भिजवून त्यांचे पाणी देण्याची पद्धत आहे. सालीवरचे सुटणारे सगळे त्याच पाण्यात उतरते. म्हणून आधी धुऊन ते पाणी फेकावे आणि मग भिजत घालाव्यात. मुलांचे फळ बंद करणे हा उपाय मुळीच नाही. बेदाण्याऐवजी हातात आलेला बिस्किटाचा पुडा अंशमुक्त असतो, असेही कोणी समजू नये. रोज एकच फळ देण्यापेक्षा फळे बदलत राहावीत, म्हणजे एकाच औषधाचा अंश साचत नाही.

पण घरच्या नळाखाली हा प्रश्न सुटणार नाही. 2003 मध्ये शीतपेयांतल्या कीटकनाशकांवरून देशात गदारोळ झाला, शरद पवारांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त संसदीय समिती बसली आणि फेब्रुवारी 2004 मध्ये तिने अहवाल दिला. त्यानंतर मर्यादांच्या याद्या वाढल्या, प्रयोगशाळा सुधारल्या. बेदाण्यासाठी आता नवा कायदा लागत नाही. निर्यातीच्या द्राक्षाला जो बागेचा क्रमांक आणि जो अहवाल जोडला जातो, तोच सौद्यातल्या लॉटला जोडला तर तो पेटीबरोबर तासगावहून बेगम बाजारापर्यंत येईल. शंभर पेट्यांच्या लॉटवर एका चाचणीचा खर्च पसरला की किलोमागे तो नगण्य होतो. ठोक व्यापारी हा अहवाल मागेल, जर किरकोळ दुकानदाराने मागितला तर, आणि दुकानदार तो मागेल, जर गिऱ्हाइकाने मागितला तर.

गिऱ्हाइकाच्या हाती एक हक्क आजही आहे. 2006 च्या अन्नसुरक्षा आणि मानके कायद्याच्या कलम 40 प्रमाणे कोणाही खरेदीदाराला विकत घेतलेला पदार्थ शुल्क भरून फूड ॲनालिस्टकडून तपासून घेता येतो. अट एवढीच की खरेदी करतानाच दुकानदाराला तसे सांगावे लागते. माल नियमात न बसणारा निघाला तर भरलेले शुल्क परत मिळते. दिवाळीच्या खरेदीला एखाद्या गृहनिर्माण संस्थेने किंवा महिला मंडळाने मिळून एका पेटीपुरता तरी हा हक्क वापरून पाहावा.